कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या दर्यापूर तालुक्यात कुणी व्यायामाची गोष्ट काढली की समोरून एकच प्रश्न येतो : दिवसभर वावरात राबणाऱ्या माणसाला वेगळा व्यायाम कशाला लागतो? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्या बायका पहाटे उठून स्वयंपाक उरकतात, दिवसभर निंदण करतात आणि परतताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन येतात, त्यांना आणखी व्यायाम करा म्हणून सांगणे आगाऊपणाचे वाटू शकते, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही गेल्या वर्ष-सव्वा वर्षात मी स्वतः जे केले, अंगाला जे जाणवले आणि घरातल्या व शेजारच्या बायकांच्या बाबतीत जे पाहिले, त्यावरून माझे मत पक्के झाले आहे की कष्ट आणि व्यायाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही. हे मत कसे बनत गेले ते सविस्तर लिहावेसे वाटते, कारण खेड्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बाईला या विषयात नीट सांगणारे कुणी सहसा भेटत नाही.

मी गावच्या शाखा डाकघरात काम करते. काम बैठे आहे. वय ४८. घरची शेती आहे, परंतु ती यजमान आणि दीर पाहतात, आणि माझे वावरात जाणे कापूस वेचणीच्या काळापुरते असते. त्यामुळे अंगात कष्टाचीही सवय नव्हती आणि व्यायामाचीही नव्हती. जमिनीवर जेवायला बसले की उठताना एक हात गुडघ्यावर आणि दुसरा भिंतीला टेकवावा लागे. गिरणीतून दळण आणताना वाटेत दोनदा पिशवी खाली ठेवावी लागे. डाकघरात खाते उघडायला किंवा पैसे काढायला येणाऱ्या बायका खाली बसत आणि उठताना ‘आई गं’ म्हणत. त्यांच्यातल्या कित्येकजणी माझ्याहून लहान असत. त्या रोज वावरात जाणाऱ्या आणि मी खुर्चीत बसणारी, तरी उठण्याची तऱ्हा दोघींची एकच, ही गोष्ट माझ्या मनात बराच काळ घोळत होती.

सुरुवात माझ्या भाचीमुळे झाली. तिने अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचे शिक्षण घेतले आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेली ही संस्था विदर्भातल्या लोकांना ‘आखाडा’ म्हणूनच जास्त ठाऊक आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने तिथे कबड्डी, मल्लखांब आणि इतर भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. आपल्या जिल्ह्यात एवढी मोठी परंपरा असताना आपण तिच्यापासून इतके लांब कसे राहिलो, असे भाचीचे बोलणे ऐकताना वाटून जाई. आमच्या गावातही मारुतीच्या देवळामागे तांबड्या मातीचा आखाडा आहे, पण तिथे पोरे जातात. बाईमाणसाने तिकडे पाहायचेही नाही, अशी एकंदर रीत.

पोळा आटोपल्यावर भाची चार दिवस राहायला आली होती. तिने मला काही करायला लावण्याआधी गावापासून जवळच असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले. रक्तदाब आणि साखर ठीक निघाली, पण हिमोग्लोबिन कमी होते. बायकांमध्ये ते डेसिलिटरमागे १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-संत्र्यासारखे आंबट काही खाऊन घ्या, असे सांगितले. चहामुळे लोह अंगात नीट शोषले जात नाही आणि क जीवनसत्त्वामुळे ते चांगले शोषले जाते, हे त्यामागचे कारण. ही तपासणी मला फार मोलाची वाटते. रक्त कमी असलेल्या बाईने नुसता व्यायाम सुरू केला तर तिला दोन आठवड्यांत इतका थकवा येईल की व्यायाम आपल्याला सोसत नाही, असे म्हणून ती तो सोडून देईल, आणि खरे कारण कधी कळणारच नाही.

पहिला धडा वाकण्याचा होता. भाचीने सासूबाईंची काठी मागून घेतली आणि माझ्या पाठीवर उभी धरली. काठी डोक्याच्या मागच्या भागाला, दोन्ही खवाट्यांच्या (खांद्यामागच्या पसरट हाडांच्या) मध्ये आणि खाली माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे आणि वाकताना तिन्हीपैकी एकही जागा सुटता कामा नये, एवढीच अट. मी नेहमीसारखी वाकले आणि खालची जागा ताबडतोब सुटली, कारण मी पाठ गोल करून वाकत होते. मग तिने मला भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभे केले आणि बसका भाग मागे नेऊन भिंतीला लावायला सांगितले. गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, आणि सगळी घडी कंबरेच्या खाली, मांडी जिथे धडाला जोडली जाते त्या सांध्यात. या वेळी काठी तिन्ही ठिकाणी टेकून राहिली आणि मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या. त्या भागाला काम असते हेच इतक्या वर्षांत जाणवले नव्हते. बादली, घमेले, दळणाची पिशवी, लहान मूल, काहीही जमिनीवरून उचलताना ही एक घडी जमली तर कंबरेवरचा बराचसा ताण मांड्या घेतात. वजन कितीही हलके असले तरी आधी हे शिकावे, असे मी आता प्रत्येकीला सांगते.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगते. लाकडी खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे. भिंतीला हात टेकून जोर काढणे, ते जमले की ओट्याच्या कडेवर हात ठेवून, आणि बरेच पुढे जमिनीवर गुडघे टेकून. एक हात बाजेवर टेकवून दुसऱ्या हाताने वजन कमरेपर्यंत वर ओढणे. आणि शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन अंगणात येरझारा घालणे. वाकून उचलणे धरून हे पाच प्रकार झाले, आणि त्यांत पाय, कंबर, छाती, पाठ आणि हाताची पकड असे सगळे येते. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, आणि आमच्याकडे बाजाराच्या दिवशी वेळ मिळत नाही म्हणून तो दिवस वगळून. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, पुढे तीन. यात सुरुवातीला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कधी गेला नाही.

वजनाचा प्रश्न तेलाच्या डब्यांनी सोडवला. पाच लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यांना मूठ असते, आणि पाण्याचे सोयीचे असे की एक लिटर म्हणजे एक किलो. भाचीने नेलपेंटने अर्ध्या-अर्ध्या लिटरवर खुणा करून दिल्या. दोन्ही डब्यांत दोन-दोन लिटर पाणी घेऊन मी सुरुवात केली. नियम असा होता की एखाद्या प्रकारात सगळ्या फेऱ्या बारापर्यंत, तोल न जाता, लागोपाठ दोन खेपांना झाल्या तरच अर्धा लिटर वाढवायचा आणि आकडा पुन्हा आठवर आणायचा. डबे भरले की पाण्याऐवजी कोरडी रेती, कारण रेती पाण्याच्या साधारण दीडपट जड भरते. त्यानंतर तुरीने भरलेली पोतडी, किराणा दुकानात काट्यावर तोलून आणलेली. यात एका पैशाचाही खर्च झाला नाही.

दुसरा नियम मला सर्वांत उपयोगी पडला. अंगात अजून दोन वेळा करण्याइतका दम उरला आहे असे वाटते तिथे थांबायचे. भाची म्हणाली, “मावशी, आज सारं जोर लावून करशील तं परवा करवत नाही. परवा करणं महत्त्वाचं हाय.” नव्या गोऱ्ह्याला कुणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही, आधी हलक्या ओझ्याची सवय लावतात, त्यातलाच हा प्रकार. आखाड्यातल्या जुन्या वस्तादांची पद्धतही याहून निराळी नव्हती. नव्या पोराला थोडे जोर, थोड्या बैठका देत आणि दर थोड्या दिवसांनी आकडा वाढवत नेत. आकडा हळूहळू वाढवणे हा शक्ती कमावण्याचा गाभा आहे, मग तो जोरांचा आकडा असो की किलोचा.

पहिल्या खेपेनंतर त्या दिवशी काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या जड झाल्या आणि तिसऱ्या दिवशी संडासला बसणे-उठणेही कठीण झाले. हे दुखणे व्यायामानंतर काही तासांनी सुरू होते, एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि मग आपोआप ओसरते. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण पडला की त्यांच्या तंतूंमध्ये सूक्ष्म इजा होते, आणि ती भरून येताना ते दुखते. पुढच्या वेळी तोच व्यायाम केला तर दुखणे बरेच कमी होते. मात्र सांध्यात, एका ठरावीक जागी, टोचल्यासारखे किंवा चमक मारल्यासारखे दुखले तर तो प्रकार तिथेच थांबवायचा, हा भाचीचा ठाम दंडक होता. माझ्या उजव्या गुडघ्यात खुर्ची कमी उंचीची असताना असे होत असे. खुर्चीवर घडी केलेली चौघडी (जाड गोधडी) घालून उंची वाढवली आणि दुखणे थांबले, मग काही आठवड्यांनी चौघडी काढून टाकता आली. स्नायूंना ताकद लवकर येते, पण त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे आणि हाडे यांना जुळवून घ्यायला अधिक काळ लागतो. म्हणून ताकद आल्यासारखी वाटली तरी वजन घाईने वाढवू नये.

महिना-दीड महिन्यात मला डबे हलके वाटू लागले, आणि अंगाकडे पाहिले तर काहीच बदललेले दिसत नव्हते. वजनकाट्यावरचा आकडाही तोच. यजमानांना वाटले की फरक पडत नाही. पण सुरुवातीच्या या आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते : जे स्नायू आधीच अंगात आहेत त्यांतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला मेंदू शिकतो, आणि हालचालीत वाया जाणारे बळ कमी होते. स्नायू जाड होण्याचे काम मागून, महिन्यांच्या हिशेबाने होते. हे आधीच ठाऊक असल्यामुळे मी आरशात किंवा काट्यावर काही शोधले नाही. एका जुन्या वहीत तारीख, प्रकार, वजन आणि आकडा एवढेच लिहीत गेले, आणि पाने उलटताना जे दिसे तेच खरे मोजमाप मानले. नव्याने सुरुवात करणाऱ्यांपैकी निम्मी माणसे केवळ वजनकाट्यावर विश्वास ठेवल्यामुळे व्यायाम सोडत असावीत, असा माझा अंदाज आहे.

जागेबद्दलही लिहायला हवे. गावात ग्रामपंचायतीने खुल्या व्यायामशाळेची यंत्रे बसवली आहेत. संध्याकाळी तिथे मुले असतात आणि बाई गेली की सगळ्यांच्या नजरा वळतात. नजरांची सवय होऊ शकते, परंतु माझा आक्षेप दुसरा आहे. त्यांतल्या बहुतेक यंत्रांत ओझे वाढवण्याची सोयच नसते. झुलत्या पायऱ्यांवर पाय हलवून अंग मोकळे होते, म्हाताऱ्या माणसांना त्याचा उपयोगही आहे, पण आज जेवढे ओझे तेवढेच सहा महिन्यांनी राहिले तर ताकद कशी वाढणार? चालण्याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. यातला ‘त्याशिवाय’ हा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही. आमचा पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेला भाग. इथली काळी चिकण माती पावसाळ्यात पायाला अशी धरते की पांदणीने चालणे होत नाही, फक्त डांबरी सडक उरते. म्हणून मी छपरी निवडली. पावसात छप्पर, उन्हाळ्यात पहाटेचा गारवा, आणि नजरांचा त्रास नाही. सलवार-कुर्ता घालून व्यायाम करायचा, मग आंघोळ करून साडी. पहाटे गुरुदेव सेवा मंडळाचे सामुदायिक ध्यान आटोपून सासरे घरी येईपर्यंत माझे उरकलेले असे.

खाण्याचा हिशेब मांडल्यावर मात्र मला धक्का बसला. भाकरी, पातळ वरण, एखादी पालेभाजी आणि ठेचा हे आमचे रोजचे जेवण. पोट भरते, पण प्रथिने थोडी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. माझे वजन साठीच्या आसपास, म्हणजे ५० ग्रॅम, आणि स्नायू बांधायचे तर याहून जास्त. मी वाटीने मोजून पाहिले तेव्हा मी तिशीच्या घरात होते. ज्या जिल्ह्यात नजर जाईल तिथवर तूर, हरभरा आणि सोयाबीन उभे असते, तिथे घरातल्या बाईच्या ताटात डाळीचे नुसते पाणी असावे, याचे मला मनापासून दुःख वाटले. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात जे उरते ते आपले, ही सवय घरोघरी आहे, आणि ती मोडणे डबे उचलण्यापेक्षा जड गेले.

मी केलेले बदल साधे आहेत. वरण घट्ट करायचे. सकाळी मूठभर भिजवलेला हरभरा. पन्नास ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात. आठवड्यातून काही दिवस सोयाबीनच्या वड्यांची भाजी, कारण पंचवीस ग्रॅम वड्यांतून बारा-तेरा ग्रॅम मिळतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, पण आमच्या घरी अंडे चालत नाही म्हणून दही आणि शेंगदाणे. घरचे सोयाबीन भाजून ज्वारीबरोबर दळले, नऊ भाग ज्वारीला एक भाग सोयाबीन, तर भाकरीची चव बिघडत नाही. सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, ते भाजल्याने किंवा शिजवल्याने नाहीसे होतात. एक सूचना काळजीने लिहिते : आमच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण गावोगावी आहेत. असा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.

वर्षभर सगळे सुरळीत चालले नाही, आणि खेड्यात ते चालणारही नाही. सोयाबीनची सोंगणी आली की घरात मजूर, त्यांचे चहापाणी, आणि व्यायाम बंद. वेचणीच्या दिवसांत वावरातून आल्यावर अंगात त्राण नसे. लग्नसराईत पाहुणे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांवर गेला की छपरीचे टिनही रात्रभर तापलेले असे. त्या दिवसांत सूर्य वर येण्याआधी एकच फेरी करायची आणि मीठ-साखर-लिंबू घातलेले पाणी जवळ ठेवायचे, असे ठरवले. खंड पडल्यावर पुन्हा सुरू करताना मी नेहमी वजन एक-दोन लिटरने खाली आणले. कमावलेली ताकद खंडात थोडी ओसरते, पण दुसऱ्यांदा ती पहिल्यापेक्षा लवकर परत येते, आणि टिकवण्यासाठी कमावण्याइतका व्यायाम लागत नाही. हंगामात आठवड्यातून एकदा जरी नीट केले तरी पुष्कळ टिकते. हे कळल्यापासून खंडाची भीती गेली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचे उत्तर मला सासूबाईंकडे पाहून मिळाले. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. आयुष्यभर त्या वावरात राबल्या : निंदण, वेचणी, डोक्यावर भारे. मला व्यायाम करताना पाहून त्या म्हणत, “आम्ही कधी केला व्यायाम? वावरच आमचा व्यायाम.” आणि त्याच सासूबाईंना रात्री बाजेवरून उठवत नसे, कुणाला तरी हाक मारावी लागे. कष्ट एवढे आणि उतारवयात शक्ती का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. निंदणाला हातात विळा असतो, त्याचे वजन काही नाही, पण तासन्‌तास एकाच बाजूने वाकून राहावे लागते. त्याने चिकाटी येते, पाठ आखडते, आणि पायांवर कधी वाढते ओझे पडत नाही. उलट जेव्हा ओझे येते तेव्हा ते एकदम येते. युरियाची गोणी ४५ किलोची असते, डीएपीची ५० किलोची, आणि ती उचलणाऱ्याला आधी वीस, मग पंचवीस असे कुणी देत नाही. तिसरी गोष्ट विश्रांतीची. स्नायू बळकट होतो तो काम करताना होत नाही, कामानंतरच्या विश्रांतीत आणि खाल्लेल्या अन्नावर होतो. निंदणाला गेलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी पुन्हा निंदणालाच जायचे असते, आणि ताटात पातळ वरण असते. व्यायामात ओझे, आकडा, बाजू आणि विश्रांती या चारही गोष्टी आपल्या हातात असतात. कष्टात त्यांतली एकही नसते. त्यात तिशीनंतर दर दहा वर्षांनी शरीरातले स्नायू साधारण तीन ते आठ टक्के कमी होत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि पाळी गेल्यावर बायकांची हाडेही झपाट्याने विरळ होतात. या दोन्हींना थोपवणारा उपाय म्हणजे वाढत्या ओझ्याचा व्यायाम, आणि तो सुरू करायला वयाची अट नाही.

हिवाळ्यात मी सासूबाईंना विचारले, “आई, तुम्ही नुसत्या खुर्चीवरून उठून पाहता का?” त्या आधी हसल्या, मग उन्हाला खुर्ची टाकून बसल्या. खुर्ची भिंतीला टेकवली, वर दोन उशा ठेवल्या आणि मी समोर उभी राहिले. पाय थोडे मागे, छाती पुढे, टाचा जमिनीवर दाबून उठायचे. पहिल्यांदा त्यांनी हात मांडीवर टेकवले, ते चालवून घेतले. पुढे एक उशी गेली, मग दुसरी. उन्हाळा लागेपर्यंत त्या हात न टेकता पाच-सहा वेळा उठू लागल्या, आणि रात्री उठताना हाक मारायच्या थांबल्या. एके दिवशी शेजारणीला त्या माझ्या देखत म्हणाल्या, “वावरानं आंग मोडलं, ह्यानं उभं केलं.” त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर मला दुसरे काही सिद्ध करायचे राहिले नाही.

राबणाऱ्या बायकांबाबत माझे मत असे झाले आहे की हंगामात त्यांच्यावर वेगळा भार मुळीच टाकू नये. तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा, दहा-पंधरा मिनिटे, वावर जे देत नाही तेवढेच करावे : ओढण्याचा प्रकार, पाठीवर निजून गुडघे उभे ठेवून कंबर उचलणे, भिंतीला पाठ लावून हात डोक्यावर नेणे. खरी ताकद वाढवण्याचे दिवस म्हणजे तूर-हरभरा निघाल्यानंतर मृग लागेपर्यंतचे, पहाटेच्या वेळी. त्या काळात वजन वाढवत नेले तर पेरणीला उभी राहणारी बाई आदल्या वर्षीपेक्षा वेगळी असते.

माझ्यापुरते सांगायचे तर आता मी जमिनीवरून हात न टेकता उठते, दळणाची पिशवी गिरणीपासून घरापर्यंत एका दमात आणते, आणि तुरीने भरलेली वीस किलोची पोतडी खालून उचलून ओट्यावर ठेवते. जमिनीवर गुडघे टेकून जोर निघतात, गुडघे उचलून अजून निघत नाहीत. पुढच्या पोळ्यापर्यंत ते काढायचे आहेत. बचत गटातल्या काही बायका शनिवारी दुपारी आमच्या छपरीत येऊ लागल्या आहेत. नव्या येणारीला मी आधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून यायला सांगते, छातीत दुखत असेल किंवा चालताना दम लागत असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरूच करू देत नाही. तपासून आली की काठी पाठीला लावून वाकायला शिकवते, आणि पहिल्या दिवशी उशी घातलेल्या खुर्चीवरून आठ वेळा उठबस, भिंतीवर आठ जोर, एवढ्यावर थांबवून दोन दिवसांनी परत बोलावते.